दोन प्रथिनांची द्रावणातली भेट पाहायची तर आधी पाणी काढा

तुमचा प्रश्न असा: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी बार्नेज आणि बारस्टार, ही एकमेकांना घट्ट धरणारी दोन प्रथिनं, कॉम्प्युटरवरच्या पाण्याच्या पेटीत सोडली, कॉम्प्युटर आठवडाभर चालला, पण ५० नॅनोसेकंदांत ती एकमेकांकडे फिरकलीसुद्धा नाहीत. मोठी मशीन मिळवावी का?

नको. पाणी काढा. पेटीतले बहुतेक अणू पाण्याचेच, आणि दर २ फेम्टोसेकंदांनी त्या सगळ्यांचा हिशेब मांडण्यातच तुमचा आठवडा गेला. पाण्याकडून प्रथिनाला धक्के बसतात आणि अडवणूक होते. धक्के यादृच्छिक आकड्यांनी द्यायचे, अडवणूक घर्षणाने. हे ब्राउनियन डायनॅमिक्स. अरमॅक आणि मॅकॅमन यांची १९७८ची रीत. हिशेबाचं एकेक पाऊल १ पिकोसेकंदाचं (१,००० फेम्टोसेकंदांचं) ठेवता येतं, म्हणजे ५००पट लांब. मीही बडोद्याचीच, दांडिया बाजारातल्या घरी साध्या डेस्कटॉपवर हेच केलंय.

पण दोघांना एकदम सोडू नका. आधी एकटं बार्नेज फिरवा. ते मूळ जागेपासून किती लांब गेलं त्याचा वर्ग घ्या, पुष्कळ फेऱ्यांची सरासरी काढा आणि काळासमोर मांडा. सरळ रेष यावी, आणि तिच्या चढाला ६ ने भागलं की तुम्हीच दिलेला विसरण गुणांक, म्हणजे प्रथिन किती झपाट्याने पसरतं तो आकडा, परत हाती यावा. मी २ ने भागत होते. तो नियम एका अक्षाचा, माझं अंतर तिन्ही अक्षांचं; गुणांक तिप्पट येई आणि मी चार दिवस बलाच्या सूत्रात चूक शोधत बसले. पाऊलही जपून. गुणांक सेकंदाला १०० वर्ग मायक्रोमीटर धरला, तर १० नॅनोसेकंदांच्या एका पावलात प्रथिन प्रत्येक अक्षावर सुमारे १.४ नॅनोमीटर उडी घेतं आणि थेट शेजाऱ्याच्या पोटात शिरतं.

आता खरी गंमत: विद्युतभार. बार्नेजची पकडीची बाजू धन, बारस्टारची ऋण. म्हणून ही जोडी इतकी झपाट्याने जुळते. मिठाने ही ओढ झाकली जाते: मिठाचं प्रमाण १० मिलिमोलर असलं तर तिचा पल्ला ३ नॅनोमीटर, १५० मिलिमोलरला जेमतेम ०.८. तुमच्या फाइलीत मीठ किती लिहिलंय ते बघा. नुसतं सरकवून भागणार नाही, प्रथिनं फिरवावीही लागतील. पाठमोरी भेटली तर जुळत नाहीत. आणि एका फेरीवरून काही ठरत नाही. ठरावीक अंतरावरून हजारो फेऱ्या सोडा, किती जुळल्या आणि किती लांब निघून गेल्या ते मोजा. त्यातूनच जुळण्याचा वेग निघतो.

पेशीतली गर्दी इतक्यात नको. जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन पाण्यात सेकंदाला सुमारे ८७ वर्ग मायक्रोमीटरने पसरतं, ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीत ८च्या आसपास. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी मांडवीतून वाट काढलीत ना, तसंच. पण पेशीत नुसती धक्काबुक्की मोजून आकडा जुळत नाही. प्रथिनांमधली ओढ आणि एकाच्या हालचालीने दुसऱ्याभोवतीचं पाणी ढवळणं, दोन्ही धरावी लागतात.

एकट्या बार्नेजचा चढ किती आला ते कळवा, मग पुढचं बघू.