जीबीएसची साथ असताना घरच्यांना कसं जपावं?

तुम्ही विचारलंय की तुमच्या भागात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे) रुग्ण सापडताहेत, शेजारच्या इमारतीतला एक जण आयसीयूत आहे. मग मास्क लावायचा का, मुलांना घराबाहेर पाठवायचं का? हा आजार मला स्वतःला होऊन गेलाय, अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते, म्हणून उत्तर देतेय.

आधी मनातली मोठी भीती काढून टाका. जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पसरतो तो त्याच्या आधीचा संसर्ग, आणि तो बहुतेक वेळा पोटाचा असतो. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाच्या जिवाणूच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखेच दिसतात. त्यामुळे जंतूंशी लढायला निघालेली प्रतिकारशक्ती चुकून नसांवरच तुटून पडते. एरवी वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार एकाच परिसरात अनेकांना झाला, की पहिला संशय पाण्यावर आणि अन्नावर घ्यायचा. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात साथ आली तेव्हा रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस (उलट्या-जुलाब करणारा विषाणू) सापडले होते. फ्रेंच पॉलिनेशियात २०१३-१४ साली मात्र कारण झिका होतं, म्हणजे डासांनी पसरणारा विषाणू. तुमच्याकडे आरोग्य विभाग काय सांगतोय, ते नीट ऐका.

मुलांना कोंडून ठेवू नका, पाणी सांभाळा. खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या, झाकून ठेवा आणि ओगराळ्याने काढा. दात घासायलाही तेच वापरा; बर्फ आणि दात घासायचं पाणी आपण हमखास विसरतो. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात. ते आतपर्यंत शिजवा, त्याची सुरी वेगळी ठेवा. फ्रिजमध्ये ठेवल्याने जंतू मरत नाहीत. सॅनिटायझरवर विसंबू नका, नोरोव्हायरसवर त्याचा फारसा उपयोग नाही. साबण आणि पाणीच हवं.

इतकं करूनही कुणाला जुलाब झाले तर लगेच धास्ती घेऊ नका. कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या हजारांत साधारण एकालाच पुढे जीबीएस होतो. पण पोट बरं झालं म्हणून विषय संपवू नका, पुढचे पाच-सहा आठवडे लक्ष ठेवा. मी तिथेच चुकले.

जुलाब थांबून दहा दिवस झाले होते. तळपायांना मुंग्या यायच्या, कंबर दुखायची. एका संध्याकाळी जिना उतरताना डाव्या पायातली चप्पल दोन पायऱ्या मागे राहिली आणि मला कळलंच नाही. एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून बी-१२ची इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी बाटलीचं झाकण फिरेना. तिसऱ्या दिवशी पाणी पिताना ठसका लागला, तेव्हा घरच्यांनी उचलून हॉस्पिटलात नेलं. ते दोन दिवस वाया गेले, याची हळहळ मला अजून वाटते.

म्हणून सांगते, शंका आली तर घरीच बघा. चवड्यांवर उभं राहता येतं का? उकिडवं बसून हात न टेकता उठता येतं का? एका श्वासात वीसपर्यंत आकडे म्हणता येतात का? लहान मूल सांगू शकत नाही. ते एकदम चालायला नको म्हणतं, कडेवरच राहतं, पाय दुखतात म्हणून रडतं. अर्धांगवायूत सहसा एकच बाजू जाते, इथे दोन्ही पायांतली ताकद जाते आणि कमजोरी वर चढत येते. ती तासातासाने वाढत असेल, गिळता येत नसेल, धाप लागत असेल, तर सकाळची वाट बघू नका. व्हेंटिलेटर आणि मेंदूविकारतज्ज्ञ असलेल्या हॉस्पिटलातच जा, कारण दर चार-पाच रुग्णांतल्या एकाला तरी श्वासासाठी यंत्र लागतं. पाठीतल्या पाण्याची तपासणी पहिल्या आठवड्यात नॉर्मल येऊ शकते, तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. इम्युनोग्लोब्युलिनची (दात्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांची) इंजेक्शनं किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणं, दोन्ही उपचारांचा सारखाच उपयोग होतो आणि पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर जास्त गुण येतो. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही.

बहुतेक जण सहा महिन्यांत स्वतःच्या पायांवर चालू लागतात. मला आठ लागले.

आणि शेजारच्या त्या रुग्णाला भेटू देत असतील तर जरूर जा. माणूस हलत नसला तरी आत पूर्ण जागा असतो. माझी बहीण रोज येऊन माझे पाय हातात घ्यायची आणि दिवसभरात काय काय झालं ते सांगायची. मला तेव्हा पापणीही धड मिटता येत नव्हती, पण तिचा शब्दन् शब्द कळत होता.