चुंबक कोण आणि लोखंड कोण?

एका ताईंनी विचारलंय : यकृतातल्या गाठीच्या एमआरआयची माहिती वाचताना ‘चुंबकीय नॅनोकणांचे विरोधाभास द्रव्य’ असं आढळलं. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर काय म्हणावं?

बरोबर नाही. मूळ शब्द ‘कॉन्ट्रास्ट’ द्रव्य, म्हणजे चित्रात गाठ उठून दिसावी म्हणून शरीरात सोडतात ते. विरोधाभास हा अलंकार आहे. वरवर विरोध दिसतो, प्रत्यक्षात नसतो, म्हणून तो ‘आभास’. कॉन्ट्रास्टमधला विरोध चांगला खराखुरा असतो, त्याच्याच जोरावर गाठ दिसते. हल्ली जो तो मजकूर यंत्राकडून भाषांतरित करून घेतो आणि पुन्हा वाचत नाही, त्याचं हे फळ. ‘डाय सोडला’ म्हणणारेही चुकतातच. इथे कुठेच काही रंगत नाही. आपल्याकडे नक्षीला उठाव येतो, काळ्यावर पांढरं उठून दिसतं. ‘उठावद्रव्य’ म्हणा, विषय संपला. नॅनोला ‘अब्जांश’ म्हणतात तेही ठीक. (ग्रीक ‘नॅनोस’ म्हणजे बुटका, त्यामुळे मला ‘वामनकण’ अधिक आवडला असता. असो.)

खरी मौज ‘चुंबकीय’मध्ये आहे. चुंबक म्हणजे चुंबन घेणारा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे तिथेच थांबतात. पण हा शब्द मुळात साऱ्या जातीचं नाव नव्हताच. जातीचं नाव ‘कांत’. अयस् म्हणजे लोखंड, त्याचा कांत तो अयस्कांत, लोखंडाचा प्रियकर. कुमारसंभवाच्या दुसऱ्या सर्गात ब्रह्मदेव देवांना सांगतो की, शंकराचं निश्चल मन उमेच्या रूपाने ओढून घ्या, अयस्कांताने लोखंड ओढावं तसं. सूर्यकांत आणि चंद्रकांत हेही असेच मणी. ते दोघे आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतात, अयस्कांत मात्र आपल्याकडच्या पाळण्यात क्वचितच गेला.

आता रसरत्नसमुच्चय हा धातू-खनिजांच्या औषधांवरचा जुना संस्कृत ग्रंथ उघडा. तिथे कांताचे पाच प्रकार दिले आहेत : लोखंडाला फिरवतो तो भ्रामक, चुंबतो तो चुंबक, ओढतो तो कर्षक, वितळवतो तो द्रावक आणि फोडल्यावर ज्याला केस फुटतात तो रोमकांत. म्हणजे पाच भावांतल्या एकाचं नाव आपण अख्ख्या घराण्याला देऊन बसलो! रोमकांताला कविकल्पना म्हणून उडवून लावणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. माझं ठाम मत असं की, दगड फोडताना घणाचा लोखंडी चुरा त्याला चिकटून ताठ उभा राहत असणार, तेच हे रोम. लोहचुंबक लोखंडाच्या किसात बुडवून पाहा, केस दिसतात की नाही.

शिवाय आपट्यांच्या संस्कृत कोशात ‘चुंबक’ला आणखी एक अर्थ आहे : अनेक विषयांना नुसते ओठ लावणारा, वरवरचा पंडित. पुष्कळ परिभाषाकारांना तो चपखल बसेल. रोमन लेखक प्लिनीही त्यातलाच. मॅग्नेस नावाच्या गुराख्याच्या वहाणांचे खिळे दगडाला चिकटले म्हणून दगडाचं तसं नाव पडलं, ही निकँडर या ग्रीक कवीची कथा त्याने खुशाल पुढे ढकलली. मॅग्नेशिया नावाचा प्रदेश समोर असताना गुराखी कशाला हवा?

पण वैद्यकाशी याचं नातं जुनं आहे. सुश्रुताने आपल्या संहितेच्या सूत्रस्थानात शल्य, म्हणजे शरीरात रुतलेली वस्तू, बाहेर काढण्याचे पंधरा उपाय सांगितले, त्यात अयस्कांत आहे. अटीही किती नेमक्या : शल्य सरळ दिशेत हवं, कुठे अडकलेलं नसावं, त्याला कर्ण म्हणजे आकडे नसावेत आणि जखमेचं तोंड पुरेसं मोठं हवं. लोखंड शरीरात, कांत बाहेर.

एमआरआयमध्येही तीच मांडणी आहे. यंत्र म्हणजे बाहेरचा भलामोठा चुंबक, आणि लोखंड शरीरात सोडलेल्या कणांत. काही नॅनोमीटरचा लोह-ऑक्साइडचा गाभा, त्यावर बहुधा डेक्स्ट्रानसारख्या शर्करेचं वेष्टण. यंत्राच्या क्षेत्रात असेतोवर हा कण चुंबकासारखा वागतो. क्षेत्र गेलं की उष्णतेच्या हालचालीने त्याची दिशा पुसली जाते, मागे चुंबकत्व उरत नाही. म्हणूनच कण एकमेकांना चिकटून गुठळ्या करत नाहीत. यालाच सुपरपॅरामॅग्नेटिक म्हणतात. अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळालेलं फेरुमॉक्साइड्स हे उठावद्रव्य याच जातीचं. निरोगी यकृतातल्या कुप्फर पेशी हे कण गिळतात आणि तो भाग चित्रात काळा पडतो. बहुतेक कर्करोगी गाठींत त्या पेशी नसतात, त्यामुळे गाठ तशीच उजळ राहते. म्हणजे उठाव येतो तो गाठीला न शिवता! ते औषध आता बाजारात नाही. त्याचंच भावंड फेरुमॉक्सिटॉल २००९ मध्ये मान्य झालं ते किडनीच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी, आणि डॉक्टर ते प्रतिमांसाठीही वापरू लागले. रक्त वाढावं म्हणून लोह देतात, चुंबक नव्हे.

तेव्हा कांत ते यंत्र, कण ते अयस्. ‘चुंबकीय कण’ ऐकून अंगात लोहचुंबक सोडतात अशी धास्ती घेणारे रुग्ण आहेत, त्यांचा काय दोष? ‘कांत हा तमिळ शब्द’ अशी हरकत एका विद्वानांनी काढली होती. तमिळ लोक लोहचुंबकाला ‘कांतम्’ म्हणतात खरे, पण तो त्यांनी संस्कृतातून नेला आणि जपला.

ताई, माहितीपत्रकात ‘उठावासाठी लोहकण’ एवढं लिहिलं तरी पुरे. ज्यांना संस्कृतच हवं त्यांनी ‘कांतवश लोहकण’ घ्यावा. ‘सुपरपॅरामॅग्नेटिक’पेक्षा जिभेला सोपा आहे.