'घाण' हा रंग कुठल्या ट्यूबमध्ये मिळतो?

'फोटोत मी भयंकर दिसते', 'आरशात बघवत नाही' हे इतक्यांदा ऐकलंय, की समुपदेशनासाठी कुणी मान खाली घालून माझ्यासमोरच्या खुर्चीत बसलं की पुढचं वाक्य मला ठाऊक असतं. असं मुलीच म्हणतात हा गैरसमज आहे. मुलगेही तेवढेच येतात, फक्त ते बोलायला आत्याला नाहीतर मावशीला पुढे करतात.

हाही आत्याबरोबरच आला. गाव निफाडकडचं, घरची द्राक्षबाग, शिकायला नाशकात आत्याकडे. चित्रकलेचं तिसरं वर्ष. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

"ताई, यानं बेसिनवरचा आरसा टॉवेलनं झाकलाय," आत्या म्हणाल्या. "आणि कॉलेजात नेमकं स्वतःचंच चित्र काढून द्यायचंय."

तेही तैलरंगात. गोदाघाटाचं जलरंगातलं चित्र हा मुलगा एका बैठकीत संपवतो, तिथे खोडत बसायला सवडच नसते. तैलरंगात मात्र जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश सुकतं, रंग कित्येक दिवस ओला राहतो. दुपारी रंगवलेलं नाक रात्री पॅलेट नाइफनं खरवडता येतं. तो तेच करत होता.

'छान तर दिसतोस' हे मी त्याला एकदाही म्हटलं नाही. सुंदर काय, कुरूप काय, दोन्ही मार्कच, आणि माणसाला मार्क द्यायचे नसतात यावर माझा ठाम विश्वास आहे. मी विचारलं, "वर्गात मॉडेल म्हणून बसतात त्या आजोबांचं नाक कसंय?"

"भारी आहे. मधे हाड वर आलंय, तिथे उजेड मस्त पकडतो."

"आणि तुझं?"

"घाण."

"हा रंग कुठल्या ट्यूबमध्ये मिळतो?"

तो हसला. आत्या बाहेर बसल्या होत्या, त्यांनीही दारातून डोकावून पाहिलं.

पुढच्या वेळी त्याला आरसा घेऊनच यायला सांगितलं. नियम एकच, रंग नाहीतर सावली सांगायची, शेरा नाही. बराच वेळ तो गप्प होता. मग सुरू झालं, "येलो ऑकर... शेंड्याला थोडा लाल. खाली बर्न्ट अंबर." मुरुमांच्या खड्ड्यांपाशी अडखळला. मी थांबले. अशा वेळी समुपदेशकानं तोंड बंद ठेवणं हीच खरी मदत, आणि ते मला आता बऱ्यापैकी जमतं. "खड्ड्याची उजेडाकडची कड काळी पडते," तो हळूहळू म्हणाला, "आणि पलीकडची चमकते. मॅडम, हे मी कधी बघितलंच नव्हतं."

रोज त्याच चेहऱ्याला शिव्या घालणारा मुलगा तो चेहरा पाहत नव्हताच! माझ्या मते बहुतेकांचं हेच होतं. निकाल आधी लागलेला असतो, मग बघण्याची गरज कोणाला?

त्याला चित्रकार व्हॅन गॉगबद्दल सांगितलं. पॅरिसमधल्या १८८६ ते १८८८ या काळात मॉडेलला द्यायला पैसे नसत, म्हणून त्यानं स्वतःलाच पुन्हा पुन्हा रंगवलं. "म्हणजे फुकटचं मॉडेल," हा म्हणाला. त्यानंतर काम सुरळीत झालं. चित्र वेळेत गेलं. सरांनी कान कच्चा आहे म्हणून सांगितलं, तेव्हा तो कानामागे लागला. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

फोटोला घाबरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक असतं त्यापेक्षा मोठं दिसतं, कारण ते कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ असतं. दुसरं, आपल्याला सवय असते आरशातल्या उलट्या चेहऱ्याची. १९७७ च्या एका अमेरिकी अभ्यासात बहुतेकांना स्वतःची तीच उलटी प्रतिमा आवडली होती, त्यांच्या मित्रमंडळींना मात्र सरळ फोटो.

पालकांनो, 'रूपात काय ठेवलंय' हे प्रवचन नको. मुरुमांसाठी त्वचेच्या डॉक्टरकडे जरूर न्या. पण मूल आरशासमोर तासन् तास घालवत असेल, चेहऱ्यापायी कॉलेज बुडवत असेल किंवा ऑपरेशनचा हट्ट धरत असेल, तर माझ्याही आधी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.