१७९६ची पेनसिल्व्हेनिया वाचताना

जुन्या अमेरिकी निवडणुकांना हात घालताय, तर १७९६ची पेनसिल्व्हेनिया जरूर घ्या. फक्त सरसकट बेरजा मारू नका! तिथला मतदार राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांना, म्हणजे डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन पक्षाच्या जेफरसनला किंवा फेडरलिस्ट पक्षाच्या ॲडम्सला, थेट मत देतच नव्हता. पंधरा निर्वाचकांची (मतदारांच्या वतीनं राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्यांची) नावं हातानं लिहिलेली चिठ्ठी टाकत होता. त्या सगळ्या मतांच्या बेरजेला मतदारसंख्या समजलात की फसलात. प्रत्येक पक्षातल्या सर्वाधिक मतं मिळालेल्या निर्वाचकाचा आकडा धरा. (जेफरसनच्या बाजूच्या प्रचारक जॉन बेकलीनं असल्या चिठ्ठ्या आधीच लिहवून गावोगाव पोचवल्या होत्या. पठ्ठ्याच तो!)

पुढं प्रत्येक निर्वाचकाला दोन मतं: जेफरसन १४, त्याचा जोडीदार बर १३, ॲडम्सचा जोडीदार पिंकनी २, ॲडम्स १. हिशेब जुळेना झाला, की सॅम्युएल माइल्स हा निर्वाचक शोधा. निवडून आला फेडरलिस्ट म्हणून, मत दिलं जेफरसनला. दुसरं मात्र पिंकनीलाच.