कप तळाशी फाटतोय? पत्रा जाड करण्याआधी ब्लँकचा हिशोब करा

तुम्ही विचारलंय की १ मिमी एमएस (माइल्ड स्टील) पत्र्यातून ६० मिमी व्यासाचा, ७० मिमी उंच कप एकाच ड्रॉमध्ये (पंच, म्हणजे दट्ट्या, पत्रा डायच्या भोकात ओढतो ती एक खेप) काढताना दर वेळी तळाच्या कडेला गोल फाटतो, तर १.२ मिमीचा पत्रा घ्यावा का? नका घेऊ. फाटतंय तळाशी, पण दुखणं फ्लँजमध्ये, म्हणजे डायवर पसरलेल्या बाहेरच्या पत्र्यात आहे.

कपाची भिंत तळ ताणून होत नाही. बाहेरचा फ्लँज आत ओढला जातो, त्याचीच भिंत होते. मोठ्या घेरातला पत्रा लहान घेरात कोंबला जातो, म्हणून ब्लँक होल्डर (फ्लँज दाबून धरणारी रिंग) सैल असला की तिथे चुण्या पडतात. ही सगळी ओढ पंचाच्या कोपऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्याला सोसावी लागते. फ्लँज जितका रुंद, तितकी ओढ जास्त. पट्ट्याला झेपली नाही की तळ सुटतो. पत्रा जाड केलात तर पट्टा मजबूत होईल, पण फ्लँजही जाड होऊन ओढ त्याच प्रमाणात वाढेल. शिवाय १ मिमीसाठी ठेवलेल्या क्लिअरन्समध्ये (पंच आणि डायमधल्या फटीत) १.२ चा पत्रा घासत जाईल, ते वेगळंच.

आता आकडे. कोपऱ्याचा रेडिअस सोडून दिला तर ब्लँकचा (ज्यातून कप निघतो त्या सपाट गोल चकतीचा) व्यास काढायला कपाच्या व्यासाचा वर्ग घ्या, त्यात व्यास गुणिले उंचीची चौपट मिळवा आणि वर्गमूळ काढा. ३६०० अधिक १६८००, म्हणजे २०४००. वर्गमूळ साधारण १४३. ट्रिमिंग (शेवटी काठ कापून सारखा करणं) धरून १४८ घ्या. १४८ भागिले ६०, जवळपास २.५! चांगला ड्रॉइंग ग्रेडचा पत्रासुद्धा पहिल्या ड्रॉला २ च्या आसपास हात टेकतो. तेव्हा एका ड्रॉचा नाद सोडा. पहिला ड्रॉ ८० मिमीवर घ्या (गुणोत्तर १.८५, उंची साधारण ४८ मिमी), मग रीड्रॉमध्ये (तोच कप पुन्हा ओढून) ६०. ही २५ टक्के घट रीड्रॉला जरा जडच आहे. तिथे फाटलं तर मध्ये अनीलिंग करा (तापवून पत्रा मऊ करा) किंवा तिसरा टप्पा घाला.

तेलाबद्दल बहुतेकांचा गोंधळ असतो. तेल डायच्या आणि होल्डरच्या बाजूला हवं, पंचाच्या तोंडावर नको. तिथलं घर्षण आपल्या कामाचं, ते तळाचा पत्रा धरून ठेवतं. डायचा रेडिअस पत्रा ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने पॉलिश करा. पंचाचा रेडिअस जाडीच्या चार-पाच पटींहून कमी असेल तर वाढवा.

काठाला चार कान (वर आलेले उंचवटे) आले तर टूलला दोष देऊ नका, बहुधा ती रोलिंगमुळे पत्र्यात आलेली खोड असते. ट्रिमिंग ठेवायचं ते त्यासाठीच.

टूल बदलण्याआधी एक कप फाटण्याच्या जरा आधी थांबवून बाहेर काढा आणि फ्लँज बघा. चुण्या असतील तर होल्डरचा दाब कमी पडतोय, कारण चुणी क्लिअरन्समध्ये अडकली तरी तळ फाटतो. फ्लँज गुळगुळीत, पण ओरखडलेला असेल तर दाब जास्त आहे किंवा तेल पुरत नाही. त्याचा फोटो इथे टाका, मग पुढचं बोलू.