उधारीचे दिवस मोज

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत गाळा घेतलास, सेकंडहँड व्हीएमसी, म्हणजे धातू कापून पार्ट घडवणारं संगणकी मशीनही बसलं. काल फोनवर म्हणालीस, "काका, स्टीलवाले तीस दिवसांच्या उधारीवर माल देतायत, आता भांडवलाची चिंता मिटली." त्या एका वाक्यामुळे लिहायला बसलो.

उधारीवाचून आपल्याकडे छोटा कारखाना चालतच नाही. बँक मशीनवर कर्ज देते. रोजचे स्टीलचे बार, टूल, पॅकिंग यासाठी नव्या माणसावर विश्वास टाकतो तो दुकानदार, आणि तोही काही तारण न घेता. पण ते पैसे तीसच दिवसांचे आहेत. तुझा पैसा किती दिवसांनी फिरून येतो, ते आधी मोज.

समज, २ लाखांचं ईएन-८ स्टील आणलंस. मशीनिंगला १० दिवस गेले. कंपनीत इन्स्पेक्शन होऊन माल जमा व्हायला आठवडा. तिथून पर्चेस ऑर्डरप्रमाणे ६० दिवस. झाले ७७. स्टीलवाल्याला ३० दिवसांत द्यायचे, म्हणजे मधले ४७ दिवस तुझ्या खिशातून. त्यात जीएसटी कोणासाठी थांबत नाही. साडेतीन लाखांचं बिल फाडलंस की १८ टक्क्यांनी ६३ हजार कर. स्टीलवर दिलेले ३६ हजार वजा जाता २७ हजार पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचे, कंपनीकडून एक रुपया आलेला नसताना. पगार आणि वीजबिल अजून धरलेलंच नाही. ऑर्डर दुप्पट झाली की हा खड्डाही दुप्पट होतो. कामं भरपूर असताना बंद पडलेले गाळे मी सातपूरला पाहिलेत.

उधारी फुकटही नसते. स्टीलवाल्याला विचार, रोख दिले तर किती सोडाल? २ टक्के म्हणाला, तर तीस दिवसांसाठी २ म्हणजे वर्षाला २४ टक्के पडले. बँकेची सीसी लिमिट, म्हणजे हवं तेव्हा उचलायचं खेळत्या भांडवलाचं कर्ज, त्याहून बरीच स्वस्त असते. ती मिळाली की रोखीनेच माल उचल.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. सुरुवातीला एका कंपनीने माझं पेमेंट चार महिने अडवलं. मला उधारीवर स्टील देणाऱ्या शेठचे फोन घेणं मी बंद केलं. एके दिवशी ते स्वतः स्कूटरवरून गाळ्यावर आले. कोपऱ्यात त्यांचेच बार पडले होते, टोकाचा रंगही तसाच, म्हणजे न कापलेले. पैशांचा विषय काढलाच नाही. म्हणाले, "हे एवढ्यात लागणार नसतील तर परत नेतो, तेवढं बिल कमी करू." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक फोन उचलला असता तर हे आधीच झालं असतं. उरलेले पैसे दर शनिवारी थोडे थोडे नेऊन दिले. त्यानंतर वीस वर्षं त्यांनी मला नुसत्या फोनवर माल पाठवला.

आता येणी. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिलं बिल फाडण्याआधी कर, तिला पैसे लागत नाहीत. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत व्हायला हवं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ पासून तर मुदत उलटून मार्चअखेरपर्यंतही न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, म्हणून मार्चमध्ये अकाउंट्सवाले फोन घेतात. पण एकुलत्या एका पार्टीवर तक्रार टाकणं किती जड जातं, ते मी अनुभवलंय. म्हणून भांडण नंतर नको, ऑर्डर घेतानाच "६० चे ४५ करा" म्हण. २५० कोटींवर उलाढालीची कंपनी असेल तर टीरेड्सवर, म्हणजे छोट्या उद्योगांची बिलं वटवण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेवर, बिल मंजूर करतील का, तेही विचार. तिला तिथे नोंदणी सक्तीची आहे. बिल तिथे वटवलं की पैसे लवकर हातात येतात, आणि पुढे कंपनीने ते बुडवले तरी वसुली तुझ्याकडे येत नाही.

रविवारी घरी ये. पर्चेस ऑर्डर आण, सही करू नकोस अजून. पेमेंटच्या अटी मागच्या पानावर बारीक अक्षरात असतात, त्या दोघं मिळून वाचू.

तुझा,
काका