जळगावहून म्युनिकला: चित्रकार ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, बरं शे का?

तुमचा प्रश्न वाचला आणि तीन दिवस नुसती घोळवत बसले. जी.डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका झालेली, बारा वर्षं मुलांच्या पुस्तकांची चित्रं, यजमान शिक्षक असून मराठी-अहिराणीत कथा लिहितात, मुलगी तिसरीत, नणंद म्युनिकला, म्हणून तिकडेच यायचं मनात आहे. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "चित्राला भाषा लागत नाही, त्यामुळे कामाची अडचण येऊ नये." अमळनेरहून निघताना आमच्या घरातही हेच वाक्य बोललं गेलं होतं. म्हणून उत्तर लांबणार आहे.

व्हिसाचा फॉर्म, फी, अपॉइंटमेंट हे सगळं सरकारी पानांवर आहे, ते सोडून देते. तिथे नसतं तेवढंच सांगते.

आधी ते भाषेचं. तुमच्या एखाद्या चित्रात चौकातलं किराणा दुकान असेल, त्यावर देवनागरी पाटी असेल, भिंतीवर "येथे पोस्टर लावू नये" असेल. मराठी पुस्तकात ते छान दिसतं. पण इथले, म्हणजे जर्मनीतले प्रकाशक चित्रपुस्तक घेताना ते आणखी चार भाषांत विकता येईल का, याचा हिशोब करतात. रंगीत छपाईला चार प्लेटा लागतात, तीन रंगांच्या आणि एक काळ्या शाईची. चार भाषांची पुस्तकं एकत्र छापताना रंगांच्या प्लेटा त्याच ठेवतात आणि फक्त काळी प्लेट बदलतात. म्हणून मजकूर नुसत्या काळ्या शाईत, फाइलमध्ये वेगळ्या लेयरवर म्हणजे थरावर लागतो. रंगीत अक्षरं नकोत, गडद चित्रावर पांढरी अक्षरंही नकोत, कारण ती बदलायची तर चारही प्लेटा बदलाव्या लागतात. पाटी चित्रातच रंगवलेली असली की ते चित्र बाद, नाहीतर परत काढा. हाताने रंगवत असाल तर पाट्या कोऱ्या ठेवा आणि अक्षरं वेगळ्या कागदावर काढून स्कॅन करा.

चित्राच्या आतही भाषा असते. धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर काढलंत तर इथला संपादक विचारणार, छप्पर कुठे आहे? त्याला ते अर्धवट बांधकाम वाटतं. गच्चीवर वाळवण, मातीच्या छतावर उगवलेलं गवत, शिडीवरून चढणारं पोर एवढं दाखवलं की तो गप्प होतो. म्हणजे तिकडे न सांगता कळतं ते इथे चित्रातच सांगावं लागतं. आणि चित्र पोचल्यावर पुढचं सगळं जर्मनमध्ये. संपादकाचा फोन, करार, "नाक थोडं कमी करा"सुद्धा. इंग्रजीवर भागवणारे प्रकाशक आहेत, पण दुसरं पुस्तक बहुतेक त्यालाच मिळतं ज्याच्याशी फोनवर पाच मिनिटं सरळ बोलता येतं. बी-1 पर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं जमेल एवढं, जर्मन तिकडेच करून या. इथे आल्यावर वेळ मिळेल हा भ्रम आहे.

पोर्टफोलिओ बारा ते पंधरा चित्रांचा, बस. पीडीएफ दहा एमबीच्या आत. सुटी सुंदर चित्रं पाठवू नका. एकच पात्र वेगवेगळ्या अंगांनी सलग काढता येतं का, हे त्यांना बघायचं असतं. खापरावर मांडे करणारी आजी घ्या: पीठ तिंबताना, मांडा दोन्ही हातांवर फिरवून मोठा करताना, खापरावर टाकताना, धूर डोळ्यांत गेल्यावर, नातवाला हाकलताना. पाचही चित्रांत ती तीच बाई दिसली पाहिजे. तेच लुगडं, तेच कान, हातांची लांबी तीच. शिवाय मजकुराला मोकळी जागा सोडलेलं एक जोडपान (समोरासमोरची दोन पानं), एक रात्रीचं चित्र, एक नुसतं काळं-पांढरं. चित्रपुस्तक बहुतेक 32 पानी असतं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे दोन छापील ताव. शीर्षकपान वगैरे वजा जाता बारा ते चौदा जोडपानं हातात येतात. पान कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चारी बाजूंनी 3 मिलिमीटर जादा रंग, आणि चेहरा मधल्या घडीपासून निदान सेंटिमीटरभर लांब. आपल्याकडे हे छापखान्यात सांभाळून घेतात, इथे फाइल परत येते. आणि तो झगझगीत केशरी, जो स्क्रीनवर सुरेख दिसतो, छापल्यावर विटकरी होतो. छापल्यावर रंग कसे दिसतील ते दाखवणाऱ्या छपाईच्या प्रोफाइलमध्ये आधी बघूनच पाठवा.

पाठवल्यावर दोन-तीन महिने उत्तर येत नाही. अनेकदा कधीच येत नाही. तो नकार समजायचा. समोरासमोर दाखवायचं तर इटलीतल्या बोलोन्याचा बालपुस्तक मेळा, 1964 पासून दर वसंतात भरतो. त्याच्या चित्रकारांच्या प्रदर्शनाला पाच चित्रं लागतात, आणि ती जळगावहूनही पाठवता येतात. हे मुद्दाम लिहिलंय. नुसतं काम पाहिजे असेल तर सामान हलवायची गरज नाही. तुमची गरज कोणती ते तुम्हीच ठरवा.

पैशांचं कोणी नीट सांगत नाही, म्हणून आकडा मांडते. सोळा युरोच्या पुस्तकात 7 टक्के कर वजा जाता 14.95 उरतात. लेखक-चित्रकारात मिळून साधारण 10 टक्के, त्यातले निम्मे तुमचे, म्हणजे प्रतीमागे 75 सेंट. तीन हजार प्रती खपल्या तर सुमारे 2,240 युरो, तेही आगाऊ रक्कम आधी वळती करून. आणि पुस्तकाला तीन-चार महिने जातात. म्युनिकचं भाडं नणंदेला विचारा. त्यामुळे इथले बहुतेक चित्रकार पाठ्यपुस्तकं, मासिकं आणि शाळांतल्या कार्यशाळांवर घर चालवतात. आता यातली मेख बघा. तुमच्या इथे राहण्याच्या परवान्यावर कोणतं काम करायची मुभा आहे ते स्पष्ट लिहिलेलं असतं. "चित्रकार" एवढंच लिहिलं असेल तर कार्यशाळा घेणं त्यात बसेलच असं नाही. अर्जातच "पुस्तकचित्रकार आणि चित्रकला कार्यशाळा" असं एकत्र मागा. इथल्या दोन-तीन संस्थांची "आम्ही यांना काम देऊ इच्छितो" अशी पत्रं जोडा, त्यांत कामाचं स्वरूप आणि अंदाजे रक्कम असू द्या. नुसती स्तुतीची पत्रं काही कामाची नाहीत.

निघण्याआधी तुमच्या प्रकाशकांकडे एक फेरी मारा. बारा वर्षांत करार किती झाले आणि नुसती व्हाउचरं किती, ते मोजा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. पण पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राबद्दल सतराव्या कलमात वेगळी तरतूद आहे, तिथे पहिला मालक चित्र काढून घेणारा ठरू शकतो. म्हणून प्रत्येकाकडून एक कागद घ्या: ही चित्रं पोर्टफोलिओत दाखवायला आणि भारताबाहेर वापरायला हरकत नाही. चहा पाजून, हसत, पण घ्याच. इथला कायदा उलटा आहे. लेखक-चित्रकाराचा मूळ हक्क विकताच येत नाही, फक्त वापराची परवानगी देता येते. बिलातही "वापराचे हक्क दिले" असंच लिहा, त्यावर कर 7 टक्के लागतो. नुसतं "चित्रकाम" लिहिलं तर 19 टक्क्यांत ढकलले जाल.

आता कागदपत्रं. इथे माझा सूर चढेल, माफ करा.

तुमच्या डिप्लोमावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव मधे. पासपोर्टवर सासरचं, नवऱ्याचं नाव मधे. पुस्तकांवर नुसतं नाव-आडनाव. आपल्याला यात एकच बाई दिसते, इथल्या टेबलामागच्या माणसाला तीन दिसतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद, दोन्ही ठेवा. मधलं नाव इथे दुसरं पाळण्यातलं नाव समजतात. मग शाळेच्या हजेरीत मुलीच्या नावापुढे तिच्या बापाचं नाव येतं आणि पोरं तिला त्या नावाने हाका मारतात. मुलीच्या जन्मदाखल्यावर बाळाचं नाव आहे ना ते आज बघा. खूप जणांकडे ती जागा कोरीच असते. नाव नंतर घालता येतं, पंधरा वर्षांपर्यंत, वर्षानंतर विलंब शुल्क भरून. दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत घ्या आणि इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर अन् अक्षर जुळवा. एका "एच"साठी लोकांचे महिने गेलेत.

आणि अपोस्टिलसाठी, म्हणजे कागद खरा असल्याच्या परदेशासाठीच्या सरकारी शिक्क्यासाठी, मुंबईला खेपा घालू नका. एजंट सांगतील, "सगळ्या देशांना चालतं." भारताचं अपोस्टिल जर्मनी मानत नाही. इथे गरज पडली तर कागदांची चौकशी वकिलातीमार्फत तिथे गावात होते आणि तिला महिनोन्महिने लागतात. ते शिक्के मारलेले कागद आमच्या कपाटात अजून आहेत. इतके रंगीबेरंगी की टाकवत नाहीत.

विम्याचं एकच सांगते. व्हिसापुरता स्वस्त खासगी आरोग्य विमा घेतात आणि मग त्यातच अडकतात. कलाकार-लेखकांसाठी इथे वेगळी विमा संस्था आहे, तिला काएसका म्हणतात, 1983 पासूनची. निम्मा हप्ता तुमचा, उरलेला सरकार आणि प्रकाशक भरतात, आणि तुम्ही सरकारी आरोग्य विम्यात येता. वर्षाला निदान 3,900 युरोची कमाई लागते, नवख्यांना पहिली तीन वर्षं ती अट नाही. निर्णयाला महिने लागतात, पण विमा लवकरात लवकर धरला तरी तुम्ही कळवल्याच्या तारखेपासूनच. म्हणून पहिली बिलं हातात आली की लगेच कळवा. प्रकाशक भरतो तो वाटा तुमच्या बिलातून कापायचा नसतो. कोणी कापला तर बोला. आणि कोणी पंचेचाळिशीच्या पुढे असेल तर व्हिसालाच म्हातारपणाची तजवीज दाखवावी लागते.

मुलीचं मागे ठेवलं होतं.

बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीनंतर मुलांची वाटणी होते. मे महिन्यात एक प्रगतिपुस्तक येतं. जर्मन, गणित आणि परिसर या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियुम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, 2.66 पर्यंत रेआलशूले, म्हणजे त्याखालची मधली शाळा. इथे 1 म्हणजे उत्तम आणि 6 म्हणजे नापास, हे आधी डोक्यात फिट करा. दहा वर्षांच्या पोरीने दीड वर्षात शिकलेल्या भाषेत निबंध लिहायचा आणि त्यावर तिची वाट ठरायची. यात एक तरतूद आहे. पहिलीपासून जर्मन शाळेत नसलेल्या, मातृभाषा जर्मन नसलेल्या मुलांना 3.33 पर्यंत सूट देता येते, अडचण भाषेचीच आहे आणि ती भरून निघेल असं शाळेला वाटलं तर. देता येते, द्यावीच लागते असं नाही. आमच्या मुलीच्या वेळी आम्हाला हे कोणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही, कारण विचारायचं काय हेच माहीत नव्हतं. कळलं तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती. शाळेतल्या बाईंशी बोलताना मी मान डोलवत होते, निम्मं समजत होतं. पोरगी पुढे आपल्या हिमतीवर वर आली. ती हसून सांगते. मला अजून हसू येत नाही.

म्हणून: तिसरी-चौथीच्या तोंडावर आणायचं असेल तर पहिल्या पालकसभेलाच हा 3.33 चा मुद्दा काढा, बरोबर जर्मन येणारं माणूस न्या, आणि जे बोलणं झालं ते लेखी मागा. नाहीतर बर्लिनचा विचार करा, तिथे प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे. दोन वर्षं मिळतात. नणंद म्युनिकला आहे हे कारण त्यापुढे लहान आहे. हे तिला दाखवू नका.

यजमानांचं. लेखक म्हणून इथे उभं राहणं फार अवघड. सांगवीचे भालचंद्र नेमाडे सत्तरच्या दशकात लंडनला गेले तेही शिकवायला. यजमानांची नोकरी मोडू नका. बिनपगारी रजा मिळते का ते बघा, आणि पहिलं वर्ष तुम्ही एकट्या या. नंतर कुटुंबाच्या परवान्यावर त्यांना काम करता येतं. मराठीतून थेट जर्मनमध्ये अनुवाद करणारे फार थोडे, म्हणून एका कथेची वीस पानं इंग्रजीत नीट करून घ्या. अहिराणी संवाद सपाट करू नका, खाली अर्थ द्या. म्युनिकमधल्या ब्लुटेनबुर्गच्या गढीत मुलांच्या पुस्तकांचं आंतरराष्ट्रीय ग्रंथालय आहे, तुमची दोघांची पुस्तकं तिथे घेऊन जा. तिकडच्या मानधनासाठी बँक खातं अनिवासी करून घ्या आणि तुम्ही इथले करदाते असल्याचा दाखला तिकडच्या प्रकाशकांना दरवर्षी पाठवा, नाहीतर तिथे जास्त कर कापतात.

चाळीसगावचे केकी मूस आठवतात मला. विलायतेत शिकले, परत आले आणि पुढे वर्षानुवर्षं स्टेशनजवळच्या त्या बंगल्याबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. तिथेच बसून चित्रं, फोटो, शिल्पं. पूर्वी मला त्यांची कीव यायची.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. डिसेंबरात सकाळी आठला उजाडतं, साडेचारच्या आत अंधार. पिवळ्या बल्बखाली रंग लावलेत तर सकाळी कागदावर सगळं निळसर निघतं, आणि वाटतं आपलाच हात बिघडला. 5000 केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा दिवा टेबलाला लावायचा, आणि त्याचा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दाखवतो तो आकडा, 90 च्या वरचा. नणंदेला सांगून आधीच घेऊन ठेवा. तुमचं सामान पोचेपर्यंत नोव्हेंबर उजाडेल.